वद्य पंचमीची बोट

पंचांगाला हसणारा माणूस ताळ्यावर आणायचा असेल तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला एका जुन्या शिडाच्या बोटीत हिस्सेदार करून घ्यावं आणि वर्षभर गप्प बसावं. आमच्यातल्या इंजिनियरांवर हा प्रयोग यशस्वी झालेला आहे. या गृहस्थांनी मुलीचं लग्न मुद्दाम पितृपक्षात रजिस्टर केलं होतं, नव्या घरात ते अमावास्येला राहायला गेले होते आणि सत्यनारायणाचा प्रसाद ते ‘साजूक तुपातला शिरा’ म्हणूनच खात. आता त्यांच्या पाकिटात कालनिर्णयाचं घडी केलेलं पान असतं. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या अनोळखी गुरुजींना हळूच विचारतात, ‘पुढच्या महिन्यात वद्य पंचमी शुक्रवारी लागते की शनिवारी?’ गुरुजींना वाटतं यांच्या घरी काही कार्य निघालंय. निघालेलं असतंच. आम्हाला मुंबईहून मुरुडला जायचं असतं.

बोट सव्वीस फुटी, फायबरग्लासची, 1970च्या दशकात इंग्लंडात बांधलेली. पोटाखाली एकाऐवजी दोन कील आहेत, त्यामुळे ओहोटीला चिखलात टेकली तरी कलंडत नाही, आपली उभी राहते. मालक चौघे: इंजिनियर, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त बँक अधिकारी आणि मी. मला लिहिता येतं या कारणावरून हिशेबाची वही माझ्याकडे दिलेली आहे. वारा चांगला असला, बूड स्वच्छ असलं आणि डॉक्टरांनी डबा हलका आणला असला तर बोट पाच नॉटनं जाते. म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करणारा माणूस आमच्या पुढे निघून जाईल. सुदैवानं तो पाण्यावर नसतो.

आता पंचमीच का, ते सांगतो. लोकांची समजूत अशी की बोट आहे म्हणजे मनात आलं की निघाले. मनात येण्याला या व्यवहारात काही किंमत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. दीड मजला पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. आत येणाऱ्या पाण्याला तोंड देत पाच नॉटच्या बोटीनं बंदराबाहेर पडायचं म्हटलं, तर कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह नाश्त्याला समोर दिसतं आणि जेवणालाही समोरच. हे दीपगृह 1875 सालचं, भक्कम दगडी आणि देखणं आहे, पण दिवसभर बघत बसण्याइतकं नाही. म्हणून निघायचं ते भरती पुरी भरल्यावर, ओहोटीबरोबर.

भरती कधी भरते? कोळीवाड्यातला हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. इंजिनियरांनी यासाठी सुरुवातीला मोबाइलवर तीन ॲप घेतली होती. बँक अधिकाऱ्यांना मात्र लहानपणी पाठ केलेली पाऊणकी येते. आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. ती शाळा सुटल्यावर त्यांना कुठेच उपयोगी पडली नव्हती. कर्जाचे हप्ते पाऊणकीत बसत नाहीत. आता ते डोळे मिटून भरती सांगतात, आणि ॲप उघडेपर्यंत त्यांचं सांगून झालेलं असतं.

मग वाऱ्याचा प्रश्न. हिवाळ्यात कोकणपट्टीवर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. नऊ-दहाला तो मरतो. मग तासदोन तास काहीच नाही, आणि दुपारी समुद्रावरून, वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही वारे सोयीचे आहेत. मतलईचा फायदा घ्यायचा तर पहाटे चारला शीड चढलेलं हवं. चारला भरती भरलेली हवी तर तिथी कोणती? पाच पाऊण पावणेचार. पंचमी! त्यातून दुसरी भरती दुपारी चार-सव्वाचारला भरते. राजपुरीच्या खाडीत आपण दोनच्या सुमाराला शिरत असलो तर पाणी चढतं असतं. चुकून वाळूला टेकलोच तर तेच पाणी आपल्याला उचलून मोकळं करतं. उतरत्या पाण्यात टेकलेली बोट मात्र पुढचे सहा तास किनाऱ्यावरच्या पोरांच्या करमणुकीला वाहिलेली असते.

राहता राहिला चंद्र. बंदराबाहेर डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये असतात आणि त्यांच्यावर दिवा असेलच असं नाही. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहा-साडेदहाला मावळून जातो. वद्य पंचमीचा त्याच सुमाराला उगवतो आणि पहाटे चारला वर असतो. झालं. भरती, वारा, चंद्र, तिघांच्या पत्रिका जुळतात ती तिथी वद्य पंचमी.

वद्य पंचम्या वर्षात बारा. आता त्यातल्या गाळू.

ज्येष्ठ आणि आषाढ गेलेच. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच बंद असते आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच 26 मे ते 31 ऑगस्ट बांधून ठेवतात. या बाबतीत मी विनोद करत नाही. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट याच पाण्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली; ती आमच्या बोटीच्या कित्येक पट मोठी होती. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी नारळ वाहून समुद्राला लागतात, पण त्यानंतरच्या पंचमीला आमची बोट अजून ताडपत्रीखाली असते आणि ताडपत्रीखाली उंदीर असतात. भाद्रपद वद्य पंचमी पितृपक्षात. इंजिनियरांना चालते, पण डॉक्टरांच्या आईला नाही, आणि डबा त्यांच्याकडून येतो. आश्विन वद्य पंचमी म्हणजे दिवाळीची साफसफाई. त्या आठवड्यात घराऐवजी बोट पुसणाऱ्या नवऱ्याला कोर्टातही कोणी वाचवू शकणार नाही. फाल्गुन वद्य पंचमीला रंगपंचमी. चैत्रात वायव्येचा वारा असा पेटतो की मुरुडला जाणं सोपं, पण घरी परतणं पुढच्या मोसमात. वैशाखात लग्नं, आंबे आणि बोट वर ओढायची घाई.

उरल्या कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ. चार. डॉक्टरांचा दवाखाना सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पंचमी शनिवारीच हवी. सात भागिले चार. सरासरीनं पावणेदोन वर्षांत एक मुहूर्त! लग्नाला याहून जास्त मिळतात.

हे गणित पक्कं करायला आम्ही रीतसर कागदपत्रं मागवली. भारताच्या किनाऱ्याचे सागरी नकाशे नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, ते आहे डेहराडूनला. भरती-ओहोटीची छापील कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया काढतं, तीही डेहराडूनहून. मुंबई बंदरात मंगळवारी दुपारी पाणी किती असेल हे हिमालयाच्या पायथ्याशी ठरलेलं असतं आणि बरोबर येतं. मला यात काही चूक वाटत नाही. समुद्राकडे शांत डोक्यानं बघायचं तर माणूस त्यापासून हजारभर किलोमीटर लांब असलेला बरा. आम्ही जवळ राहतो म्हणून आमची डोकी फिरलेली.

हे झालं प्रवासाचं पंचांग. देखभालीचं वेगळं आहे, आणि ते जास्त कडक आहे.

बोट पाण्यात नुसती उभी राहिली तरी तिच्या बुडाला शेवाळ धरतं, मग बार्नॅकल नावाचे टणक कवचाचे जीव येऊन चिकटतात. चिकटतात म्हणजे स्वतः तयार केलेल्या सिमेंटनं चिकटतात, आणि मुंबईतल्या कुठल्याही बिल्डरनं हेवा करावा असं ते सिमेंट असतं. थर वाढला की पाच नॉटची बोट चार नॉटवर येते. मग घासायची. महागड्या यार्डात क्रेननं उचलून घासता येते, पण दोन कील असलेल्या बोटीच्या मालकाला तो खर्च जिवावर येतो. कारण ती भरतीला किनाऱ्यालगत आणून ठेवली की ओहोटीला आपोआप कोरडी पडते. फुकट! मराठी आरमाराची विजयदुर्गाजवळ गिर्ये भागात गोदी होती, तिथेही हेच तत्त्व: भरतीला जहाज आत, ओहोटीला बुडाची दुरुस्ती. आम्ही परंपरा चालवतो, असं इंजिनियर घरी सांगतात.

पण पाणी पुरेसं मागे हटतं ते उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. त्या दिवसांत मुंबईत भरती भरते दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला. म्हणून ओहोटीचा तळ येतो सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. जन्मभर, दर पंधरवड्याला, हेच. भर दुपारी आरामात उजेडात काम करावं तर त्या वेळची ओहोटी भांगाची, अष्टमीच्या आसपासची; तेव्हा पाणी जागचं फारसं हलत नाही. थोडक्यात, ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी बूड पाण्यात आणि ज्या दिवशी बूड बाहेर त्या दिवशी अंधार. निसर्गानं हे मुद्दाम केलं असणार.

म्हणून आमच्या अमावास्या अशा साजऱ्या होतात: पहाटे साडेतीनला चार पोक्त माणसं गुडघाभर चिखलात, कपाळाला विजेऱ्या बांधून, हातात लोखंडी पट्ट्या घेऊन एका बोटीखाली ओणवी झालेली. डॉक्टर यात तरबेज आहेत. त्यांच्या मते ही दातांवरचं कीटण काढण्यासारखीच क्रिया आहे, फक्त पेशंट ओरडत नाही आणि पैसेही देत नाही. सवयीनं ते मधूनच ‘दुखलं तर हात वर करा’ म्हणतात. एकदा बँक अधिकाऱ्यांनी खरंच हात वर केला, कारण त्यांच्या पायाखाली शिंपला आला होता.

सहापर्यंत घासून होतं, उजाडतं, मग रंग. या रंगात तांब्याचं ऑक्साइड असतं. ते पाण्यात हळूहळू झिरपत राहतं आणि जिवांना चिकटू देत नाही. डबा हातात घेतला की तांब्याचा भाव वजनासकट कळतो. डब्यावर सूचना असते की पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. रात्रभर समुद्रात बुडालेला पृष्ठभाग सकाळी साडेसहाला किती कोरडा असणार? डॉक्टर हेअर ड्रायर आणतात. तो लावायला वीज नसते. बँक अधिकारी पुठ्ठ्यानं वारा घालतात. साडेआठला पाणी परत येऊ लागतं. आपण बोटीच्या एका टोकाला रंग देतो आणि समुद्र दुसऱ्या टोकाला तो वाळलाय का ते बघतो. त्याचा निकाल नेहमी तोच असतो.

बोटीच्या आतली दुनिया आणखी न्यारी. जुन्या बोटीच्या तळाशी थोडं पाणी साठतंच. ते कुठून आलं हे ओळखायची जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे बोट बुडवून चाटून बघणं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, धावा. गोड लागलं तर पिण्याच्या पाण्याची टाकी गळतेय, बसा. बँक अधिकाऱ्यांना मधुमेह आहे. तळाचं पाणी चाखून ते जेव्हा गंभीरपणे ‘गोड आहे’ म्हणतात तेव्हा आम्ही टाळ्या वाजवतो. घरी त्यांनी गोडाचं नाव काढलेलं खपत नाही. या पाण्याला डिझेलची चव असली तर मात्र चर्चा इंजिनकडे वळते आणि दुपार जाते.

इंजिन डिझेलचं आहे आणि ते समुद्राच्या पाण्यानं थंड होतं. हे पाणी एक पंप आत खेचतो. त्या पंपात इम्पेलर नावाची एक रबरी चकती असते, मुठीत मावेल एवढी, तिला पाकळ्या असतात. बोटीचं काय, चौघांचं आयुष्य त्या पाकळ्यांवर टांगलेलं आहे. मुंबईच्या पाण्यात प्लॅस्टिकची पिशवी कधी कुठे भेटेल सांगता येत नाही. पिशवी पाणी घेण्याच्या भोकावर बसली की पंप कोरडा फिरतो, आणि थोड्याच वेळात पाकळ्या तुटून आत कुठेतरी नाहीशा होतात. नुसती नवी चकती बसवून भागत नाही. जुनीच्या सगळ्या पाकळ्या सापडेपर्यंत शोधाव्या लागतात. इंजिनियर त्या टेबलावर मांडून मोजतात. एक कमी भरली की ते जेवत नाहीत.

चकती मिळवणं ही स्वतंत्र यात्रा. परदेशातून मागवली तर कस्टमच्या मुक्कामातून ती येते, आणि येते ती हमखास दुसऱ्या मॉडेलची. म्हणून आम्ही नागदेवी स्ट्रीट धरतो. तिथला दुकानदार तुटकी चकती उजेडात धरतो, वास घेतो आणि विचारतो, ‘गाडी कौन सी?’ बोट म्हटलं की भाव वाढतो. म्हणून इंजिनियर ‘पानी का पंप’ एवढंच सांगतात, ज्यात खोटं काही नाही. तिथं नाही मिळालं तर रे रोडचा दारूखाना. मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान तिथं ढिगांनी पडलेलं असतं. चकतीसाठी गेलेला माणूस तिथून काय घेऊन येईल याचा नेम नाही. डॉक्टर एकदा कुठल्यातरी मालवाहू जहाजाचा पितळी घड्याळाचा डबा घेऊन आले. घड्याळ नव्हतं. ‘डबा उत्तम आहे,’ ते म्हणाले. वहीत मी तो ‘दिशादर्शक साधनं’ या खाती टाकला.

जस्ताच्या तुकड्याचीही गोष्ट सांगायला हवी. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांजवळ आले की त्यांची बॅटरी बनते आणि त्यातला दुबळा धातू झिजायला लागतो. बोटीचा पंखा काशाचा, दांडा पोलादी. ते झिजू नयेत म्हणून तिथं जस्ताचा एक गोळा बसवतात. तो मुकाट्यानं सगळी झीज स्वतःवर घेतो. दर मोसमात कुरतडलेला जुना गोळा काढून नवा लावायचा. हे ऐकल्यावर इंजिनियरांच्या पत्नींनी विचारलं, ‘अहो, म्हणजे तुमच्या बोटीवर बळी देतात?’ इंजिनियरांनी विद्युत रसायनशास्त्र समजावून सांगितलं. ‘तेच,’ त्या म्हणाल्या.

खर्चाबद्दल आदर्श एकच आहे, अमेरिकन जोशुआ स्लोकम. मॅसॅच्युसेट्समध्ये फेअरहेवनला एका शेतात पडलेली जुनीपुराणी बोट त्याला कोणीतरी देऊ केली. तेरा महिने खपून त्यानं ती स्वतः पुन्हा बांधली आणि 1895 ते 1898 या काळात तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारा तो पहिला. पण मला त्याच्या धाडसापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. सामानाला 553 डॉलर 62 सेंट लागले, असा हिशेब त्यानं पुस्तकात छापून टाकला. जुन्या बोटीवरचा खर्च शेवटच्या सेंटपर्यंत जाहीर करणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही. तो हिशेब त्याच्या बायकोनं वाचला की नाही याची कुठे नोंद नाही. आमच्या वहीत मी रकमा पेन्सिलीनं लिहितो.

सरतेशेवटी माघातली एक वद्य पंचमी शनिवारी आली.

तयारीत शिधा, लाइफ जॅकेट, तटरक्षक दलाचा 1554 हा आणीबाणीचा नंबर, व्हीएचएफ रेडिओचं सोळावं चॅनेल, आणि किनारा पोलिसांकडे वर्दी. 2008 साली ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून अतिरेकी मुंबईत शिरले, तेव्हापासून किनाऱ्यावर हलणाऱ्या प्रत्येक होडीची विचारपूस होते आणि व्हायलाच हवी. फक्त अर्जाचे रकाने मासेमारी बोटींचे असतात. हवालदारसाहेबांनी चौघांना न्याहाळलं.

‘जाळं कुठलं?’

‘जाळं नाही.’

‘मग मासे कशानं धरणार?’

‘मासे धरत नाही. फिरायला जातो.’

‘कुठं?’

‘मुरुडला.’

‘एसटी आहे की,’ ते कळवळ्यानं म्हणाले. मग बराच विचार करून त्यांनी ‘जाळ्याचा प्रकार’ या रकान्यात ‘शीड’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

पहाटे चार. भरती भरलेली, चंद्र वर, मतलई जमिनीकडून, सगळं डेहराडूनच्या हुकमाप्रमाणे. खलाशी म्हणून आमची लायकी फारशी नाही, पण मुहूर्त असा निघाला की पाच तास बोट आपली आपण गेली. डॉक्टरांच्या आईंच्या घावनांचा पहिला डबा अलिबागच्या आसपास संपला. खांदेरी डाव्या हाताला मागे टाकलं तेव्हा वारा पडला, तोही वेळेवर. या खांदेरीवर 1679 साली शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईचे इंग्रज अडवायला आले. वारा पडला की त्यांची मोठी जहाजं जागच्या जागी उभी राहायची आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ही मारत बेटावर सामान पोचवायच्या. बँक अधिकाऱ्यांनी हा इतिहास सविस्तर सांगितला. त्या क्षणी आम्ही इंग्रजांच्या बाजूला होतो. इंजिनियरांनी चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं, पंपातून पाणीही आलं. सगळ्यांनी वाकून ते पाणी पाहिलं. एवढ्या कौतुकानं आम्ही कधी कुठल्या धबधब्याकडेही पाहिलेलं नाही.

चौलजवळ एक मासेमारी होडी शेजारून गेली. तिच्यावरच्या तांडेलानं आमची शिडं पाहिली, इंजिनचा आवाज ऐकला आणि विचारलं, ‘वारा नाय तर शीड कशाला लावलंय?’ याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. कोर्लईच्या पुढे खारा वारा उठला. दुपारी दोनला, चढत्या पाण्यावर, जंजिऱ्याच्या तटाला वळसा घालून आम्ही राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला. पर्यटकांनी भरलेल्या शिडाच्या होड्या जंजिऱ्याकडे ये-जा करत होत्या. त्यांचे होडीवाले इंजिनाशिवाय, गर्दीतून, एका हातानं सुकाणू धरून जात होते आणि दुसऱ्या हातानं सिद्दीचा इतिहास सांगत होते. आम्ही चौघं नांगराच्या एका दोरीभोवती गुंतलेलो होतो.

संध्याकाळी इंजिनियरांनी सहज म्हणून पुन्हा चावी फिरवली. काही झालं नाही. इम्पेलर ठणठणीत होता, जस्त शाबूत होतं, तळाचं पाणी गोड होतं. गेला होता स्टार्टर, ज्याच्याकडे आजवर कोणी लक्षच दिलेलं नव्हतं. आणि इंजिनशिवाय परतायचं तर दिवसभर वायव्येचा वारा नाकावर. म्हणून रविवारी राजपुरीतल्या एका नाखव्याला बोटीवर लक्ष ठेवायला सांगितलं, स्टार्टर खोलून गोणपाटात बांधला आणि मुरुडहून मुंबईची एसटी धरली. हवालदारसाहेबांनी सांगितलं होतंच.

कंडक्टर मुरुडकडचेच निघाले. त्यांनी गोणपाटाला पाय लावून पाहिला.

‘काय आहे?’

‘बोटीचा स्टार्टर.’

‘आणि बोट?’

‘राजपुरीला.’

‘परत कधी न्यायची?’

इंजिनियरांचं गणित तयार होतं. उत्तरेला जायचं तर रात्री बाराला, भरती भरल्यावर खाडीतून निघायचं, रात्रभर मतलईवर जायचं आणि सकाळी मुंबईत शिरताना चढतं पाणी घ्यायचं. म्हणजे बाराला भरती. म्हणजे पौर्णिमा.

‘पुनवेला,’ कंडक्टर मान डोलावत म्हणाले. त्यांना ते आधीच माहीत होतं. ‘पण पुनव अजून तीन आठवड्यांवर. तोवर बुडाला शिंपा धरतील. घासून घ्यावी लागेल.’

‘घासू की.’

‘कधी?’

‘उधाणाच्या ओहोटीला. पौर्णिमेला, पहाटे,’ इंजिनियर म्हणाले आणि एकदम थांबले. त्या पहाटे बोट समुद्रात असणार होती.

‘अमावास्येला घासा,’ बँक अधिकारी म्हणाले.

‘अमावास्या बुधवारी आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘माझे दोन रूट कॅनल आहेत.’

कंडक्टरांनी चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि गोणपाटाचं लगेज तिकीट फाडलं.